शरदातील परसबाग : वेलींचे शेवटचे तोडे, तलंगांची पहिली अंडी

आश्विन लागला की गोव्यातील घरांमागच्या परसाचे रूप पालटते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेललेली जमीन उघडिपीने हळूहळू वाळू लागते. मांडवावरच्या दोडक्या-पडवळांची पाने कडेने पिवळी पडतात, सुरणाचा दांडा कलतो, मिरच्या लाल होतात. वैशाखात अंड्यांतून निघालेल्या कोंबडीच्या पिल्लांना याच सुमारास पाच-सहा महिने पूर्ण होतात आणि त्यांतील तलंगा अंड्यावर येतात. गोव्यात खरिपाच्या भाताला ‘सरद’ म्हणतात. शरदाशी नाते सांगणाऱ्या या पिकाची कापणी आणि मळणीही याच दिवसांत होते. मग कोंडा, कण्या आणि खळ्यावर सांडलेले दाणे यांच्या रूपाने कोंबड्यांच्या खाद्याची सोय लागते. परसातील भाजी, शेतातील भात आणि खुराड्यातील अंडी यांचा हंगाम असा एकत्र येतो.

हा काढणीचा काळ आहे, तसाच राखणीचाही. कोणते फळ चुलीवर चढवायचे आणि कोणते बियाण्यासाठी वेलीवर ठेवायचे, कोणती अंडी खायची आणि कोणती उबवायला मांडायची, हे याच दोन महिन्यांत ठरते. मोठे, देखणे फळ आधी खाल्ले गेले आणि राहिलेल्या किडक्या, खुरट्या फळाचे बी धरले, तर पुढच्या चतुर्थीला त्या वेलीकडून फारशी अपेक्षा करता येत नाही. कोंबड्यांचेही तसेच आहे. बाजारातून आणलेले बियाणे किंवा पिल्ले ही उणीव काही अंशी भरून काढतात. परंतु पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेले गावठी वाण एकदा संपले की ते दुकानात मिळत नाही. शरदातील परसाची कामे, त्यांमागील कारणे आणि घ्यावयाची काळजी यांचा हा आढावा.

तोडणीची वेळ

चतुर्थीच्या माटोळीला परसातील पहिली निवडक फळे जातात आणि तुळशीच्या लग्नापर्यंत पावसाळी वेलींचे शेवटचे तोडे उरकतात. या मधल्या काळात फळ नेमके केव्हा उतरवावे, याचे गणित प्रत्येक भाजीसाठी वेगळे आहे.

भेंडी फूल उमलल्यानंतर पाच-सहा दिवसांत तोडणीला येते आणि एक दिवसाआड तोडावी लागते. एखादी शेंग झाडावर जून झाली, की झाडाची शक्ती बी भरण्याकडे वळते आणि नवी फुले कमी होतात. गोव्याची सात शिरांची भेंडी या बाबतीत थोडी उदार आहे. ती बरीच लांब वाढली तरी कोवळी राहते. या भेंडीला आणि आगशीच्या वांग्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दोडकी, घोसाळी आणि पडवळ यांना नख सहज रुतेपर्यंतच खाण्याजोगे मानावे. कारले पिवळे पडण्याआधी काढावे.

काकडीवर्गीय फळांत तवशाचा वापर दुहेरी आहे. कोवळे तवसे कोशिंबिरीला जाते. पिकून पिवळे-तांबूस झालेले, जाड सालीचे तवसे तवसळीसाठी राखले जाते. पूर्वी अशी पिकलेली तवशी सुंभात बांधून घराच्या वाशांना टांगून ठेवीत. हवा खेळती राहते, फळ जमिनीला टेकत नाही, उंदरांच्या तोंडी पडत नाही आणि आठवडेच्या आठवडे टिकते, हे त्यामागील साधे कारण होते.

लाल भोपळा उतरवण्याची घाई करू नये. देठ सुकून बुचासारखा खरखरीत झाला आणि सालीत नख रुतेनासे झाले, की फळ तयार झाले असे समजावे. ते देठाला धरून ओढू नये. चार बोटे देठ ठेवून कोयत्याने कापावे. देठ तुटला, की त्या जागेतून कूज आत शिरते. कापलेले भोपळे आठ-दहा दिवस उबदार, कोरड्या जागी ठेवावेत, म्हणजे साल कडक होते आणि बारीक ओरखडे भरून येतात. नंतर ते एकमेकांना टेकणार नाहीत अशा रीतीने फळीवर मांडले, तर काही महिने टिकतात.

काणकोण तालुक्यातील खोल गावच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होणाऱ्या मिरचीलाही भौगोलिक मानांकन आहे. परसात अशी मिरची लावली असेल, तर ती झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावी. शरदात दिवसा कडक ऊन आणि पहाटे दव असा प्रकार असतो. उन्हात पसरलेल्या मिरच्या सूर्यास्तापूर्वी गोळा करून झाकल्या नाहीत, तर दिवसभराची मेहनत रात्रीच्या दवाने वाया जाते. अर्धवट वाळलेल्या मिरचीवर वाढणारी बुरशी केवळ रंग बिघडवते असे नाही. तिच्यातून आरोग्यास घातक विष तयार होऊ शकते. मिरची हलवल्यावर आतील बी खुळखुळले आणि देठ वाकवताच तुटला, म्हणजे ती साठवणीस योग्य झाली.

दुधी, काकडी, दोडके यांच्या बाबतीत एक नियम सर्वांनी पाळावा. फोड चिरताना जिभेवर चाखून पाहावी आणि ती कडू लागल्यास संपूर्ण फळ टाकून द्यावे. या कडवटपणामागे वेलवर्गीय वनस्पतींत तयार होणारी विषारी द्रव्ये असतात. ती शिजवल्याने नष्ट होत नाहीत. कडू दुधीचा रस प्यायल्याने तीव्र विषबाधा झाल्याच्या घटना देशात घडलेल्या आहेत. अशा वेलीचे बीही धरू नये.

कंदांना मुदत द्यावी

सुरण, माडी, कणगी आणि करांदे ही गोव्याच्या परसातील जुनी शिदोरी आहे. कंदाचे पोषण पाने करतात. म्हणून पाने हिरवी असेपर्यंत कंद वाढतच असतो. सुरणाचा छत्रीसारखा पर्णसंभार पिवळा पडून आडवा झाला, कणगीचा वेल सुकला, की खोदाईची वेळ आली असे समजावे. मे-जूनमध्ये लावलेल्या सुरणाला ही अवस्था यायला साधारण सात-आठ महिने लागतात. त्यामुळे ऐन शरदात बहुतेक ठिकाणी त्याची केवळ चाहूल लागते. अळूचा कंद, म्हणजे माडी, काहीसा लवकर तयार होतो. करांद्याचे कंद वेलीवरच लागतात. ते बोट लावताच गळू लागले, की गोळा करावेत.

हळदीची पाने नागपंचमीपासून पातोळ्यांसाठी खुडली जातात. पण तिचे कंद शरदात उकरू नयेत. पाने वाळून पडल्यावर, म्हणजे जानेवारीच्या पुढे, ते पक्व होतात. आल्याचेही तसेच. ओले आले लागेल तेवढे एका बाजूने काढता येते, मात्र साठवणीचे आले पाने सुकल्यावरच खणावे.

कंद काढताना जमीन चिखलट असू नये. परतीच्या पावसाची सर येऊन गेली असेल, तर चार दिवस थांबावे. कुदळ रोपाच्या बुंध्यापासून हातभर दूर मारावी; कापला गेलेला कंद प्रथम खाण्यास घ्यावा, साठवणीत टाकू नये. साठवायचे कंद धुऊ नयेत. माती झटकून सावलीत सुकवावेत आणि कोरड्या वाळूत किंवा भाताच्या तुसात ठेवावेत. सुरण आणि माडी यांच्यातील सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे घसा खाजतो. ते नीट शिजवणे आणि सोबत चिंच, कोकम किंवा बिंबल यांसारखे आंबट घालणे ही परंपरागत पद्धत आजही उत्तम आहे.

बियाण्याचे फळ

बियाण्यासाठी फळ राखताना आधी वेल पाहावा आणि मग फळ. रोगाला बळी न पडलेल्या, वेळेवर फुललेल्या आणि भरपूर फळलेल्या वेलीवरील मधल्या बहराचे एक-दोन निरोगी फळ निवडून त्याला खुणेची दोरी बांधावी. ही दोरी घरातील सर्वांना ठाऊक असावी. नाहीतर खुणेचे फळच एखाद्या दिवशी भाजीत जाते.

दोडके, घोसाळे आणि दुधी वेलीवरच वाळू द्यावेत. हलवल्यावर आतून बियांचा आवाज आला, की फळ उतरवावे. भेंडीच्या शेंगा तपकिरी होऊन शिरांवर तडकू लागल्या, की काढाव्यात. तवसे आणि काकडी पूर्ण पिकू द्यावी. गरासह बिया भांड्यात काढून दोन-तीन दिवस आंबू द्याव्यात, म्हणजे बीभोवतीचा बुळबुळीत थर सुटतो. त्यानंतर स्वच्छ धुतल्यावर पाण्यात बुडणाऱ्या बिया घ्याव्यात आणि तरंगणाऱ्या पोचट बिया टाकाव्यात. बिया विरळ उन्हात किंवा सावलीत सुकवाव्यात.

शेजारीशेजारी दोन जातींचे भोपळे लावले असतील, तर मधमाश्यांमार्फत त्यांचा संकर होतो. यंदाचे फळ त्यामुळे बदलत नाही. फरक पुढच्या वर्षी बियाण्यातून दिसतो. वाण शुद्ध राखायचे असेल, तर मादी फूल आदल्या संध्याकाळी पातळ कापडाने बांधावे. सकाळी त्याच जातीच्या नर फुलाचे पराग त्याला लावून ते पुन्हा बांधावे. मादी फुलाच्या खाली इवलेसे फळ असते, यावरून ते ओळखता येते. चवळी आणि वाल यांच्यात स्वपरागण अधिक असल्याने त्यांचे वाण राखणे त्या मानाने सोपे असते.

दमट हवा ही गोव्यात बियाण्याची मोठी शत्रू ठरते. चुलीची कोरडी राख चोळून, सुकलेल्या दुधीच्या कवचात बी भरून ते चुलीवरच्या माळ्यावर ठेवण्याची जुनी पद्धत याच दमटपणावरचा उपाय होती. राख ओलावा शोषते आणि किडीला अटकाव करते. धुराची ऊब बी कोरडे ठेवते. आज घट्ट झाकणाची काचेची बरणी, तळाशी राख किंवा भाजलेले तांदूळ आणि वर कागदी पुडीत बी, असा पर्याय सोयीचा आहे. पुडीवर वाणाचे नाव आणि वर्ष लिहावे. पेरणीपूर्वी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यास त्यांपैकी किती रुजतात हे कळते आणि त्या मानाने पेरणी दाट किंवा विरळ ठेवता येते.

तलंग अंड्यावर येते तेव्हा

अंडी देऊ न लागलेल्या तरुण कोंबडीला तलंग म्हणतात. ती अंड्यावर येण्याचे वय जातीवर आणि पोषणावर अवलंबून असते. सुधारित जातींच्या तलंगा साधारण पाच ते सहा महिन्यांत अंडी देऊ लागतात. गावठी तलंगेला सहा ते सात महिनेही लागतात. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातील पालनासाठी ‘ग्रामप्रिया’ आणि ‘वनराजा’ हे पक्षी विकसित केले. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी, तर वनराजा अंडी आणि मांस अशा दोन्हींसाठी पाळतात. चांगल्या देखभालीत ग्रामप्रियापासून वर्षाला दोनशेच्या आसपास, तर वनराजापासून शंभराच्या आसपास अंडी मिळतात. गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास ते सत्तर अंडी देते. मात्र ती स्वतः चरून पोट भरते, शत्रूची चाहूल लवकर घेते आणि स्वतः उबवून पिल्ले वाढवते. सुधारित जातींत उबवण्याची प्रवृत्ती फारशी उरलेली नसते. वर्षभर अंडी हवीत की घरचीच पिल्ले, यावर निवड अवलंबून राहते.

अंड्यावर येणारी तलंग ओळखणे कठीण नाही. फिकट गुलाबी तुरा आणि हनुवटीखालच्या लोंबत्या पाळ्या लालभडक होतात. पाठीवर हात ठेवताच ती पंख किंचित पसरून खाली बसते. कोपरे, पाट्या, लाकडांच्या राशी हुंगत जागा शोधू लागते आणि तिचे ओरडणे वाढते. अंडे बाहेर येण्याच्या मार्गाशेजारची दोन हाडे एका बोटाच्या अंतरावरून दोन-तीन बोटांच्या अंतरावर गेलेली हाताला लागतात.

ही चिन्हे दिसताच अंड्याची जागा तयार करावी. पहिले अंडे पडल्यावर नव्हे. तीन-चार कोंबड्यांमागे साधारण फूटभर लांबी-रुंदीचे एक खोके अंधाऱ्या, निवांत कोपऱ्यात ठेवावे आणि त्यात कोरडे गवत अंथरावे. आत लाकडाचे किंवा दगडाचे अंड्याच्या आकाराचे खोटे अंडे ठेवल्यास तलंगेला जागेचा विश्वास येतो. खोके रात्री बसण्याच्या दांडीपेक्षा खालच्या पातळीवर असावे. कोंबड्या झोपेसाठी उंच जागा निवडतात आणि खोके उंच असेल, तर त्यातच झोपून ते घाण करतात. जागा वेळेवर मिळाली नाही, तर तलंग कुंपणाच्या झुडपात अंडी घालू लागते आणि ती सवय मोडणे अवघड जाते.

अंडे, उजेड आणि कवच

बलक अंडाशयातून सुटल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंत साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यांतील सुमारे वीस तास केवळ कवच घडण्यात जातात. हे चक्र एका दिवसाहून थोडे मोठे असल्याने रोजचे अंडे आदल्या दिवसापेक्षा उशिरा पडते. वेळ दुपारपर्यंत सरकली, की कोंबडी एक दिवस खंड घेते आणि पुन्हा सकाळपासून आरंभ करते. म्हणून चांगली कोंबडीही रोज अंडे देत नाही.

या चक्राला उजेड चालना देतो. भरपूर अंड्यांसाठी कोंबडीला दिवसाला १४ ते १६ तास उजेड अनुकूल असतो. गोव्यात जूनमधील दिवस सुमारे तेरा तासांचा, तर डिसेंबरमधील सव्वाअकरा तासांचा असतो. उत्तरेकडील थंड प्रदेशांइतका हा फरक मोठा नाही. तरीही दिवस आखडू लागताच वर्षापेक्षा मोठ्या कोंबड्या पिसे गाळू लागतात आणि दोन-तीन महिने अंडी थांबवतात. नवी पिसे प्रामुख्याने प्रथिनांची बनलेली असतात; शरीर आपली शिल्लक तिकडे वळवते. तो आजार नव्हे. अशा कोंबडीला निकामी ठरवून कापण्याची घाई करू नये. वैशाखातील तलंगा याच वेळी अंड्यावर येत असल्याने घरातील अंड्यांचा ओघ तुटत नाही, हा जुन्या वेळापत्रकाचा मोठा लाभ आहे. पहाटे एखादा मंद दिवा लावून उजेड वाढवायचा झाल्यास तो दर आठवड्याला थोडा थोडा वाढवावा आणि एकदा सुरू केल्यावर मध्येच बंद करू नये.

एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. भात, कोंडा आणि परसातील किडे यांतून ते पुरेसे मिळत नाही. आहारात तुटवडा पडला, की कोंबडी ते आपल्या हाडांतून काढते. कवच पातळ होते, पाय लुळे पडतात. किनारपट्टीवरील घरांत यावर फुकटचा उपाय असतो. तिसऱ्या आणि कालवे यांच्या शिंपल्या धुऊन, वाळवून, जाडसर कुटाव्यात आणि वेगळ्या करवंटीत ठेवाव्यात. कोंबडी गरजेपुरतेच तुकडे टिपते. शिंपल्या खाद्यात मिसळू नयेत. वाढत्या पिल्लांच्या पोटात अधिक कॅल्शियम गेल्यास त्यांच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. अंड्याची टरफले द्यायची असतील, तर ती भाजून बारीक चुरावीत. अख्खी टरफले दिल्यास अंडे फोडून खाण्याची खोड लागू शकते.

अंड्यावरील कोंबडीला रोज साधारण शंभर ग्रॅम खाद्य आणि त्याच्या सुमारे दुप्पट पाणी लागते. मोकळी चरणारी कोंबडी यातील बराच भाग स्वतः मिळवते. उरलेली भर भाताच्या कण्या, कोंडा, शेंगदाण्याची किंवा खोबऱ्याची पेंड यांनी संध्याकाळी घालावी. त्यामुळे ती वेळेवर घरीही परतते. मासळीची डोकी आणि आतडी उकडून, मीठ न घालता थोड्या प्रमाणात दिल्यास प्रथिने मिळतात. प्रमाण वाढले, की अंड्याला वास येतो. खारवलेली मासळी, बुरशी आलेले धान्य, कच्चे कंद, कच्च्या कडधान्यांच्या बिया आणि हिरवे पडलेले बटाटे देऊ नयेत. पाण्याचे भांडे सावलीत असावे. दोन तास पाणी मिळाले नाही, तरी पुढच्या अंड्यावर त्याचा परिणाम होऊ शकतो. आणि ऑक्टोबरचे ऊन गोव्यात सौम्य नसते.

पहिल्या अंड्यांविषयी

पहिली काही अंडी लहान असतात. कधी त्यांत बलक नसतो, कधी दोन असतात. कधी कवचच नसते, केवळ पातळ आवरण असते. कवचावर रक्ताचा बारीक ठिपकाही दिसतो. शरीराची घडी बसत असल्याची ही लक्षणे आहेत आणि तीन-चार आठवड्यांत ती आपोआप ओसरतात. त्यापुढेही बिनकवचाची अंडी येत राहिली, तर शिंपल्यांचा पुरवठा आणि कोंबडीची प्रकृती तपासावी. बलकातील रक्ताचा ठिपका म्हणजे अंडे फळलेले आहे, हा समज चुकीचा आहे. अंडी देण्यासाठी कोंबड्याची गरज नसते. तो केवळ पिल्लांसाठी लागतो.

अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. कवचावर जंतूंना अडवणारा एक नैसर्गिक पापुद्रा असतो. धुतल्याने तो जातो. म्हणून अंडी कोरड्या फडक्याने पुसून, निमुळते टोक खाली करून थंड जागी ठेवावीत आणि लागल्यास वापरताना धुवावीत. जुन्या अंड्यातील हवेची पोकळी मोठी होत जाते. त्यामुळे ताजे अंडे पाण्यात आडवे बसते, शिळे उभे राहते आणि खराब झालेले तरंगते. अंडी पूर्ण शिजवूनच खावीत, विशेषतः लहान मुले, वृद्ध आणि गर्भवती यांनी.

खुडूक कोंबडी

दहा-पंधरा अंडी घालून झाली, की गावठी कोंबडी खुडूक बसते. अंगावरची पिसे फुलवून ती खोक्यातून उठत नाही, जवळ गेल्यास चोच मारते आणि अंडी देणे थांबवते. अंड्यांच्या हिशेबात हा तोटा वाटतो. पण गावठी वंश टिकतो तो याच दिवसांमुळे.

उबवण्यासाठी मध्यम आकाराची, स्वच्छ, तडा नसलेली आणि आठवड्याभरातील अंडी निवडावीत. तलंगेची पहिली लहान अंडी घेऊ नयेत. त्यांतून निघणारी पिल्ले दुबळी असतात. ज्या कोंबडीने भरपूर अंडी दिली, पावसाळा निरोगी काढला आणि मागची पिल्ले जपली, तिची अंडी निवडावीत. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. तो त्याच पिलावळीतील नसावा. शेजारच्या वाड्यावरून कोंबड्याची अदलाबदल करण्याची रीत यासाठी उपयुक्त आहे. एका कोंबडीखाली तिच्या आकाराप्रमाणे दहा-बारा अंडी मांडावीत. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात विजेरीच्या प्रकाशासमोर अंडे धरले, की फळलेल्या अंड्यात लाल तंतूंचे जाळे दिसते. स्वच्छ दिसणारी अंडी काढून टाकावीत. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. पिल्ले नको असतील, तर खुडूक कोंबडीला तळाशी हवा खेळेल अशा जाळीदार डालीत, उजेडात, खाद्य-पाण्यासह तीन-चार दिवस ठेवल्यास ती पूर्ववत होते.

रोग आणि शत्रू

परसातील कोंबड्यांना सर्वाधिक भीती मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची. हिरवट हगवण, तोंड उघडून श्वास घेणे, मान पिळवटणे, पाय-पंख लुळे पडणे ही त्याची लक्षणे. त्यावर औषध नाही आणि एका वाड्यावरील बहुतेक कोंबड्या काही दिवसांत मरू शकतात. लस हाच उपाय. पहिल्या आठवड्यात पिल्लांना एक, दोन महिन्यांच्या सुमारास दुसरी आणि पुढे ठराविक काळाने पुन्हा, असा क्रम असतो. नेमके वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावे. एका कुपीत अनेक पक्ष्यांपुरती लस असते आणि कुपी उघडल्यावर ती लवकर वापरावी लागते. म्हणून शेजारच्या घरांनी एकाच दिवशी लस टोचून घेणे सोयीचे आणि अधिक परिणामकारकही ठरते. तुऱ्यावर खपल्या आणणारा देवी रोग डासांमार्फत पसरतो. पावसानंतर साचलेले पाणी काढल्याने त्याला आळा बसतो. जंतांचा उपद्रवही पावसाळ्यानंतर वाढतो. उवा-गोचिडांसाठी कोरडी माती आणि राख यांचा एक खड्डा ठेवावा; कोंबड्या त्यात स्वतःच अंग घोळतात.

भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदवला गेला. हिवाळ्याच्या तोंडावर करमळी तळ्यासारख्या पाणथळ जागी स्थलांतरित पक्षी उतरतात. अशा तळ्यांच्या आसपास राहणाऱ्यांनी आपल्या कोंबड्यांचे पाणी आणि खाद्य जंगली पाणपक्ष्यांच्या संपर्कात येणार नाही, एवढी दक्षता घ्यावी. एकाएकी अनेक पक्षी मेल्यास ते हाताळू नयेत, विकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

घार, मुंगूस, रानमांजर आणि साप हे नेहमीचे शत्रू. खुराडे जमिनीपासून उंच असावे, जाळीच्या भोकांतून बोटही जाणार नाही आणि कडी सूर्यास्तापूर्वी लागेल, याची खात्री करावी. सकाळी अंडी काढताना काठीने गवत हलवल्याशिवाय खोक्यात हात घालू नये.

परस आणि खुराडे

शेवटचा तोडा झाल्यावर वेल उपटून कोंबड्यांना आठ-दहा दिवस वाफ्यांत मोकळे सोडावे. दोडकी, कारली, काकडी यांना पोखरणाऱ्या फळमाशीच्या अळ्या सडक्या फळांतून मातीत उतरून कोष करतात. कोंबड्या माती उकरून त्या टिपतात आणि पुढच्या पिकाची कीड घटते. नवी रोपे लागण्यापूर्वी मात्र कुंपण बंद करावे. कोवळ्या तांबड्या भाजीचा वाफा दोन कोंबड्या एका सकाळीत उकरून टाकतात.

कोंबडीची विष्ठा नत्रयुक्त आणि तीव्र असते. ती ताजी घातल्यास मुळे होरपळतात आणि त्यातील जंतू भाजीवर येतात. सुका पाला, भाताचे तूस किंवा काजूची पाने यांच्यासोबत ती थरांनी रचून, ओलसर ठेवून, तीन-चार महिने कुजवावी. शरदात रचलेला ढीग शिशिर सरता सरता उन्हाळी भाजीला उपयोगी पडतो. त्या काळात कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या मुळा, काकडी, कोथिंबीर यांना ताजे खत चुकूनही देऊ नये.

मोकळ्या झालेल्या जागेत आश्विन-कार्तिकात तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, वांगी, मिरची आणि वाल लावावेत. सरद कापल्यानंतर शेतात ओल असेल, तर अळसांदे पेरावेत. त्यांच्या मुळांवरील गाठी जमिनीत नत्र साठवतात. सुधारित पिल्ले, रोपे आणि सल्ला यांसाठी जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि तालुक्यातील कृषी कार्यालय यांच्याकडे चौकशी करता येते. गावठी बियाण्यासाठी मात्र शेजारच्या वाड्यावरील एखाद्या जुन्या मांडवाकडेच जावे लागते, आणि ते मागून आणण्याचे दिवस तुळशीच्या लग्नापर्यंतच असतात. त्यानंतर मांडव उतरतात आणि खुणेची दोरी न बांधलेली फळे तोवर खाऊन संपलेली असतात.